पिशवीतलं पिशवीत

माणूस देवापुढे खोटं बोलतो, डॉक्टरपुढे तर हमखास बोलतो. पण त्याच्या कचऱ्याला काही खोटं बोलता येत नाही, असं शेवंताक्का म्हणायची. तीस वर्षं लोकांच्या पिशव्या उघडून बघितलेल्या बाईचं हे मत. ते खोडून काढायची हिंमत आमच्या यंत्रमागांच्या गावात कुणाची नव्हती. कुणाच्या घरी दारू शिरली, कुणाची सून चोरून बाहेरचं मागवून खाते, कोणत्या गुरुजींना साखर झाली आणि तरी ते पेढ्याचे पुडे रिचवताहेत, हे तिला त्यांच्या घरच्यांच्या आधी कळायचं.

कळायचं, पण तिच्या तोंडून बाहेर पडायचं नाही. कचरा निवडणाऱ्या बायांचा तो कायदाच होता. नवी बाई कचऱ्याच्या सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहिली की पहिल्या दिवशी सगळ्यांत जुनी बाई तिच्या हातावर गुळाचा खडा ठेवायची आणि म्हणायची, "पिशवीतलं पिशवीत." नव्या बाईनं तेच परत म्हणायचं आणि मग गूळ तोंडात टाकायचा. एकदा एकीनं कुठल्याशा घरातली भानगड चहाच्या गाड्यावर सांगितली, तर बाकीच्या चौदा जणींनी तिच्याबरोबर चहा पिणं सोडलं. महिन्याभरात ती काम सोडून गेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. इथं तर मूठ दुसऱ्याची होती.

दुसरा कायदा औषधांचा. सुया टोचून दोघीजणी अंथरुणाला खिळल्या, तेव्हापासून औषधाचं काहीही दिसलं तरी ते वाचायचं नाही, चाळायचं नाही. लांब चिमट्यानं उचलायचं आणि सरळ भट्टीच्या टोपलीत टाकायचं. "औषधाला हात न्हाई," एवढंच बाया म्हणायच्या.

ही भट्टी म्हणजे २०४१ सालातल्या आमच्या खोऱ्याची चूल. नदीकाठच्या सात गावांनी मिळून 'चक्र' नावाचा कारभार उभा केला होता. ओला कचरा बंद टाक्यांमध्ये कुजायचा, त्याच्या गॅसवर बस धावायच्या आणि उरलेला रबडा उसाच्या रानात जायचा. दुधाच्या पिशव्या, बाटल्या वितळवून त्यांचा धागा निघायचा आणि तो थेट मागांवर चढायचा. ज्याचं दुसरं काहीच होणार नाही ते भट्टीत जळायचं. त्याच्या उष्णतेवर वीज व्हायची, कापड रंगवणाऱ्या कारखान्यांना वाफ मिळायची, आणि तळाला उरलेल्या राखेचे फरशीचे ठोकळे पडायचे. परवा जिच्यातून दूध आलं, ती पिशवी आज पोरीच्या फ्रॉकात असायची. सात गावांत मिळून कचऱ्याचा एकही डोंगर उरला नव्हता. याचा गावाला इतका अभिमान, की पाहुणा आला की त्याला देवळाच्या आधी भट्टी दाखवायचे.

या सगळ्याचा जीव निवडण्यात होता. धाग्याच्या लगद्यात एक चुकीची पिशवी गेली की मागावर शंभर ठिकाणी धागा तुटायचा. म्हणून 'पारखी' आला.

पारखी हे यंत्र. ते सरकत्या पट्ट्यावरच्या प्रत्येक वस्तूवर डोळ्यांना न दिसणारा प्रकाश टाकायचं. दुधाची पिशवी त्यातला एक भाग गिळते, बाटली दुसराच गिळते, पुठ्ठा तिसरा. परत आलेल्या प्रकाशात काय कमी आहे ते बघितलं की वस्तू कशाची बनली ते कळतं. पण हे झालं स्वच्छ वस्तूंचं. आमटीत बुडालेली, राखेनं माखलेली पिशवी पारखीला कळेना. शेवंताक्काला ती डोळे मिटूनही कळायची. मग यंत्र बसवणाऱ्या इंजिनियर, मृण्मयी देशिंगकर, तिच्याकडे आल्या. तिच्या हातात तारांचे मोजे चढले, कपाळावर कॅमेरा बसला, आणि अकरा महिने पारखी तिच्या हाताखाली शिकला.

"अक्का, हे कशावरून ओळखलंत?" देशिंगकर मॅडम विचारायच्या.

"वाजतंय की त्ये. ऐका. ह्ये कुरकुरतंय, त्ये चरचरतंय. कुरकुरतंय त्याचा धागा हुतोय. चरचरतंय त्याचं काय बी हुत न्हाई, घाला भट्टीत."

चौथीपर्यंत शिकलेली बाई यंत्राची मास्तरीण झाली. गावातल्या सगळ्या कचरागाड्यांवर तिचा हसरा फोटो लागला आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'शेवंताक्कांच्या नजरेनं बघणारा पारखी.' ती वरवर म्हणायची, "काय बी चिकटवत्यात." पण गाडी दारावरून गेली की पदर सावरून बघायची. माणूसच शेवटी.

यंत्र सुरू व्हायच्या आधी एक बैठक झाली. प्रत्येक घराच्या पिशवीवर त्या घराचा क्रमांक असायचा. चक्राच्या मंडळावरचे एक साहेब म्हणाले की, पारखीला सगळं दिसतंच आहे, तर घरोघरची नोंद का ठेवू नये? कुणाच्या घरी कुठला आजार आहे ते औषधांवरून कळेल, एकटा म्हातारा जेवत नसेल तर तेही कळेल. देशिंगकर मॅडमनाही ते पटलं होतं. त्या म्हणाल्या, "अक्का, किती जीव वाचतील बघा."

शेवंताक्का उभी राहिली. "साहेब, आदी तुमच्या घरची पिशवी उघडू काय हितं? समद्यांसमोर?"

साहेबांनी खुर्ची मागं सरकवली.

"लोकं आपलं घर आमच्या हातात देत्यात, त्ये आम्ही तोंड मिटून ठेवतो म्हनून. आज डॉक्टरला सांगशिला, उद्या त्या इम्याच्या कंपनीला सांगशिला, परवा पोरीच्या सासरला. माझी नजर पाहिजे असंल तर माझा कायदा बी घ्यावा लागंल. न्हाईतर ह्ये मोजे घ्या तुमचे."

मोजे परत घेणं मंडळाला परवडणारं नव्हतं. पारखीत दोन नियम घातले गेले: कुठल्या घरातून काय आलं ते कुणाही माणसाला दाखवायचं नाही, आणि औषध दिसलं की नोंद बाहेर न देता ते भट्टीत टाकायचं. टाळ्या वाजल्या. त्या टाळ्या घेताना आपण काय गमावतोय हे एकट्या शेवंताक्कालाच ठाऊक होतं.

तिला एक लेक होती, पल्लवी. नवरा लवकर गेला, पोरीला तिनं पट्ट्याशेजारी पुठ्ठ्याच्या ढिगावर निजवून वाढवलं, शिकवलं, शाळेत शिक्षिका केलं. पल्लवीनं लग्न केलं ते मागवाल्यांच्या घरातल्या संकेतशी, आपल्या मर्जीनं. लग्नानंतर दोन महिन्यांनी शेवंताक्का कामावरून परस्पर लेकीच्या घरी गेली, अंगात हिरवा कोट तसाच. विहीणबाईंनी तिला दारातच थांबवलं आणि तांब्यानं वरून पाणी ओतलं, ओंजळीत. स्वयंपाकघराच्या दाराशी पल्लवी उभी होती. ती काही बोलली नाही.

ओंजळीतलं पाणी शेवंताक्कानं तिथंच सोडलं. "हा उंबरा मला मेला," म्हणाली आणि निघाली. त्याला नऊ वर्षं झाली होती. पाणी ओतणारी म्हातारी विसरता आली असती एक वेळ. पण दाराशी गप्प उभी राहिलेली पोर तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

राग होता, पण नजर कुठं जाते? पल्लवीच्या वॉर्डाची गाडी आली की शेवंताक्का पट्ट्याच्या तोंडाशी उभी राहायची. लेकीची पिशवी हजारांत ओळखू यायची, कारण तिच्या तोंडाला आईनं शिकवलेली गाठ असायची: दोन फास, शेपूट आत खोचलेलं. निवडणाऱ्या बाईला पिशवी फाडावी लागू नये, एका ओढीत सुटावी म्हणून ही गाठ. त्या पिशव्यांमधून लेकीचा संसार तिला कळत राहिला. पोरगी अजून वांगं खात नाही. वह्या तपासायची लाल पेनं महिन्याला चार संपतात. मग एके दिवशी त्या घरातून मिश्रीचे डबे यायचे थांबले; विहीणबाई गेल्या हे तिला असं कळलं. आणि त्यानंतरच्या संक्रांतीला पिशवीत सगळ्यांत वर, कोऱ्या कागदात बांधलेले दोन तिळाचे लाडू निघाले.

म्हणजे पोरीला ठाऊक होतं, पलीकडे कुणाचा हात आहे ते.

शेवंताक्कानं ते लाडू पट्ट्यामागे जाऊन खाल्ले. रडली. आणि तरी लेकीच्या घरी गेली नाही. पुढच्या वर्षी परत दोन लाडू आले, त्याच्या पुढच्या वर्षी परत, चौथ्या वर्षीही परत. ती दर वर्षी खायची आणि दर वर्षी मनाशी म्हणायची, पुढच्या सणाला बघू.

मग पारखी सुरू झाला. पट्टा पत्र्याच्या बंद बोगद्यात गेला, बाया यंत्राच्या देखरेखीवर गेल्या आणि शेवंताक्का काचेच्या खोलीत खुर्चीवर बसली. पारखीला अडलेली एखादी वस्तू पडद्यावर यायची, तीही घराच्या क्रमांकाशिवाय. आता लेकीची पिशवी दिसणार नाही, हे तिनं आपल्या हातानं ओढवून घेतलं होतं. पट्टा बोगद्यात गेल्याचं पल्लवीला कळलंच असेल, शिकलेली आहे ती, असं तिनं धरून चाललं. त्या वर्षीचे लाडू गॅसच्या टाकीत गेले असणार.

दीड वर्ष असंच गेलं. श्रावणातल्या एका सोमवारी, अकराच्या सुमाराला, पारखी थांबला.

पट्ट्याखालच्या रुळात काहीतरी गुंतलं होतं. मिस्त्रीनं बोगद्याचं झाकण उघडलं, हात घातला आणि बाहेर काढून म्हणाला, "केस हायत अक्का. अख्खी वेणी."

गळलेल्या केसांचे पुंजके रोजच यायचे. त्यांचं शेतासाठी खत व्हायचं. पण अख्खी वेणी कुणी टाकत नाही. केसांवर भांडी घेणाऱ्या बाया अजून फिरतात, आणि वेणीचे तर दोन डबे येतात. ज्या घरात वेणी कचऱ्यात जाते, त्या घरात तिच्याकडे बघवत नसतं. शेवंताक्का हे जाणून होती. ती खुर्चीवरून उठली आणि बोगद्यापाशी गेली. वेणीबरोबर ओढली गेलेली पिशवी रुळाच्या कडेला लोंबकळत होती. तिच्या तोंडाला दोन फास होते, शेपूट आत खोचलेलं.

पिशवी एका ओढीत सुटली. आत औषधाची पाकिटं होती. रिकामी, धुतलेली, पुसलेली. सगळी एका बाजूला तोंड करून, नाव वर येईल अशी रचून दोऱ्यानं बांधलेली. न वाचता भट्टीत टाकलेली असली नारिंगी पाकिटं तिच्या हातून शेकड्यांनी गेली होती. कुठल्या घरातून ती येतात आणि त्या घरातून पुढं काय यायचं थांबतं, हे तिला नावं न वाचताही पाठ होतं.

"अक्का, औषधाला हात न्हाई," मिस्त्री म्हणाला.

तिनं ऐकलं नाही. पाकिटांचा गठ्ठा छातीशी धरून ती फाटकाबाहेर पडली. हिरवा कोट अंगात तसाच होता आणि या वेळी तो तिच्या ध्यानातही नव्हता.

दार संकेतनं उघडलं. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. त्यानं तिच्याकडे बघितलं, हातातल्या पाकिटांकडे बघितलं.

"आता आलात?" तो म्हणाला.

त्याला उत्तर द्यायलासुद्धा ती थांबली नाही. आतल्या खोलीत खिडकीशी कॉट होती. डोक्याला सुती रुमाल बांधून पल्लवी उशीला टेकून बसली होती. बत्तीस वर्षांची पोर, पण मनगट बघितलं तर दहा वर्षांच्या मुलीचं वाटावं.

"आलीस," पल्लवी म्हणाली. "बस की. किती दमलीयस."

"काय झालंय तुला?"

"रक्ताचा कॅन्सर. तुला माहीत आहे की." पल्लवीनं पाकिटांकडे बोट दाखवलं. "मी धुऊन टाकत होते. तुझ्या हाताला चिकट लागायला नको म्हणून."

"कंदीपासनं?"

"संक्रांतीपासून. पहिल्यांदा लाडवांच्या शेजारीच ठेवली होती. म्हटलं, आता तरी येईल." ती थोडं थांबली; तिला एका दमात बोलवत नव्हतं. "तू नाही आलीस. मग मी म्हटलं, बरोबर आहे, आईचा कायदा आहे. पिशवीतलं पिशवीत. ती बघेल पण बोलायची नाही."

"म्या न्हाई बघितली गं."

"खोटं कशाला बोलतेस, आई? रोज दारात गाडी येते. तिच्यावर तुझा फोटो आहे. खाली लिहिलंय, शेवंताक्कांच्या नजरेनं बघणारा."

आता शेवंताक्काच्या ध्यानात आलं, काय झालं ते. सात महिने ही पोर रोज सकाळी कॉटवरून उठून गाडीवरच्या फोटोच्या हातात पिशवी देत होती. यंत्राला दिसलं म्हणजे आईला दिसलं, असं समजत होती. का समजू नये? सगळ्या गावाला तेच तर सांगितलं होतं, आणि पदर सावरून त्या फोटोकडे बघताना तिला स्वतःलाही ते खरंच वाटत होतं.

"नजर माझी हाय," ती म्हणाली, "पर बघत मी न्हाई. यंत्र बघतंय. मला काचंच्या खोलीत बसवलंय दीड वर्ष. आनि म्याच त्याला सांगितलं, पल्लवी. औषध दिसलं तर कुनाला बोलायचं न्हाई म्हनून. मीच सांगितलं. आज तुजी वेनी गुतली म्हनून हात घातला, न्हाईतर..."

आपलेच दात, आपलेच ओठ. दोष द्यायचा तरी कुणाला?

पल्लवीनं मान वळवली आणि होता नव्हता तेवढा जोर काढून हाक मारली.

"संकेत! ऐकलंस का? आईला माहीतच नव्हतं! अरे, तिला माहीतच नव्हतं!"

सात महिन्यांत त्या घरात कुणी इतक्या आनंदानं काही बोललं नव्हतं. संकेत दाराशी आला, ऐकलं, आणि तिथंच उंबऱ्यावर खाली बसून त्यानं तोंड हातांत झाकलं.

त्याच्या रडण्याचं कारण शेवंताक्काला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कळलं. पहिले पाच महिने औषधांनी गुण येत होता. मग आजार उलटला. डॉक्टर म्हणाले होते की हाडांतली मज्जा बदलावी लागेल. रक्त तिथंच तयार होतं, म्हणून बिघाड मुळातून काढायचा तर मज्जाच दुसऱ्याची घालायची. भावंडं नव्हती. नोंदवहीतल्या परक्या दात्यांपैकी कुणाची जुळली नाही. आई आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं होतं, कारण आईची मज्जा निम्मी तरी जुळतेच आणि आता निम्म्यावरही काम होतं. पल्लवी म्हणाली होती, "आईला पाच महिने सगळं माहीत आहे. तिला यायचं असतं तर ती आली असती. तिच्या दारात जाऊन पदर पसरायचा नाही." तरी संकेत दोनदा यंत्राच्या फाटकापर्यंत येऊन परत गेला होता. फाटकावरही तोच हसरा फोटो बघून त्याचं पाऊल पुढे पडलं नव्हतं.

शेवंताक्काचं रक्त तपासलं. जुळलं, चांगलं जुळलं. पण तोवर पल्लवीच्या फुफ्फुसात जंतू शिरले होते, आणि असल्या अंगाला मज्जा बदलण्याचं औषध सोसणार नव्हतं. "दोन महिने आधी..." एवढं बोलून डॉक्टर थांबले. समोरच्या बाईचा चेहरा बघून त्यांनी कागद उगाच इकडचे तिकडे केले.

त्यानंतर सतरा दिवस मिळाले. शेवंताक्का लेकीच्या घरातून हलली नाही. मऊ भात कालवून भरवायची, पाय चेपायची, उन्हं खिडकीत आली की कॉट सरकवायची. लेकीला आवडत नाही म्हणून वांगं घरात येऊ द्यायची नाही, जसं काही वांग्यामुळंच सगळं अडलं होतं.

एका दुपारी पल्लवी म्हणाली, "त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. सासूबाईंना अडवायला पाहिजे होतं. तोंडातून शब्दच फुटला नाही. तू गेल्यावर बोलले मी, खूप बोलले, पण तू गेली होतीस."

"आनि मी चार वर्सं तुजं लाडू खाल्लं," शेवंताक्का म्हणाली, "आनि गप बसले. तू तरी एक दिवस गप बसलीस, पोरी."

"चांगले झाले होते का?"

"एका वर्षी कडक झालं हुतं. गुळाचा पाक जास्त शिजवलास."

पल्लवी हसली. हसताना तिला धाप लागली, आणि शेवंताक्का तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सतराव्या दिवशी सकाळी पल्लवी गेली.

तेरावं झाल्यावर शेवंताक्का कामावर गेली. देशिंगकर मॅडम काचेच्या खोलीत वाट बघत उभ्या होत्या. त्यांचे डोळे सुजले होते.

"अक्का, मला तुम्हाला एक सांगायचंय. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं. पारखी शिकत राहावा म्हणून त्याच्या आत एक नोंद असते. ती कुणी उघडायची नसते. वेणी अडकली त्याचं कारण शोधताना मला ती उघडावी लागली." त्यांनी अक्कासाठी खुर्ची ओढली. "पारखीनं पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. आजाराच्या नावासकट. पुढचे तीस आठवडे, प्रत्येक पाकीट. बाहेर सांगायचं नाही हा नियम होता, म्हणून नाही सांगितलं."

यंत्रावर शेवंताक्काला राग येईना. शिकवलं तसं वागलं ते. तिच्या हाताखालच्या चौदा बायांपैकी एकीनंही इतकं इमान राखलं नसतं, एखादीनं तरी कायदा मोडला असता आणि धावत येऊन सांगितलं असतं, "अक्का, तुमच्या पोरीच्या पिशवीत बघा." कायदा मोडायचा कधी, हे शिकवायचं राहून गेलं होतं. ते तिनं कुणालाच कधी शिकवलं नव्हतं. बायांना ते आपोआप कळायचं.

"मंडळ नियम काढायला तयार आहे," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या शब्दावर तो घातला होता, म्हणून तुमची संमती हवी. एका दिवसात होईल. मग कुणाच्या बाबतीत असं व्हायचं नाही."

बत्तीस हजार घरं. शेवंताक्काच्या डोळ्यांसमोरून तिच्या हातांतून गेलेल्या पिशव्या गेल्या. नवऱ्यापासून लपवलेल्या गोळ्या, आईबापांपासून लपवलेल्या चाचण्या, नोकरी जाईल म्हणून सुईसुद्धा कागदात गुंडाळून टाकणारा तो बसचा ड्रायव्हर. ही सगळी झाकणं उघडायची? आणि न उघडावीत, तर पल्लवीसारखी आणखी कुणी आज पाकिटं धुवत बसली असेल, तिचं काय? तीस वर्षं कुठली पिशवी कुठं टाकायची हे तिला एका क्षणात कळत होतं. आज पहिल्यांदा हातातलं काही कुठंच टाकता येईना.

"माझं इचारू नगा," ती शेवटी म्हणाली. "मागच्या खेपेला माझं एकटीचं ऐकलंत, समद्या गावाच्या वतीनं. त्योच घोळ झाला. ज्याचं त्याला इचारा. ज्याला वाटतंय यंत्रानं सांगावं, त्यानं तसं सांगावं. ज्याला नगं वाटतंय त्याचं झाकलेलं ऱ्हाऊ द्या."

"बत्तीस हजार घरांना कोण विचारणार, अक्का?"

"मी जाते म्हनलं तर कोन अडिवतंय? चौदाजनी हायत माझ्याबरूबर. दारं तर समदी ठावकी हायत."

अर्ज तयार व्हायला आठवडा गेला. कागद साधाच होता. घराचा क्रमांक, नाव, आजार दिसल्यास कळवावे की कळवू नये, आणि कळवायचे तर कुणाला. बायांना दाखवायला म्हणून मॅडमनी पहिला अर्ज शेवंताक्काचाच भरायला घेतला. पडद्यावर एकेक रकाना येत होता आणि त्या वाचून विचारत होत्या.

"नाव, शेवंता आवळे. घरात माणसं?"

"एकच."

"आजार दिसला तर कळवावे?"

"कळवावं."

"कुणाला?"

"पल्लवीला," शेवंताक्का म्हणाली.

मॅडमची बोटं दोन अक्षरं टाइप करून थांबली. शेवंताक्का पडद्यावरच्या त्या दोन अक्षरांकडे बघत राहिली, आणि मॅडम खाली मान घालून बसल्या.

"दुसरं कुणी, अक्का?" त्यांनी अगदी हळू विचारलं. "संकेतचं घालू?"

"नगं. त्याला आता आनखी दवाखाना कशाला." तिनं टेबलावरचा कोऱ्या अर्जांचा गठ्ठा उचलला. "ऱ्हाऊ द्या त्यो रकाना मोकळा."

"मोकळा ठेवला तर यंत्र अर्ज घेत नाही."

"मग नसू दे माझा अर्ज," शेवंताक्का म्हणाली, आणि पहिल्या गल्लीकडे निघाली.